वाचलेलें विसरतें, मग वाचावें कशाला ?

वाचलेलें लक्षांत राहत नाहीं, ही तक्रार आम्हां शिक्षकांच्या कानीं वर्षांतून अनेकदां येते. सुटींत एखाद्या मुलानें चारशें पानांची कादंबरी मोठ्या आवडीनें वाचून संपविलेली असते. शाळा पुन्हां भरल्यावर तींत काय होतें असें विचारलें, तर पुस्तकाचें नांव तो चटकन् सांगतो, लेखकाचें नांव थोडें आठवून सांगतो, आणि पुढें मात्र अडखळतो. नायकाच्या बहिणीचें नांव काय, ती गांव सोडून कां गेली, शेवटीं तें पत्र कोणाच्या हातीं पडलें, यांतलें कांहींच त्याला सांगतां येत नाहीं. मग तो ओशाळतो. एखादा विद्यार्थी मात्र धीट असतो. तो सरळच विचारतो, "महिन्याभरांत सारें विसरावयाचें, तर वाचावयाचें कशाला ? तेवढ्या वेळांत गणितें तरी सोडविलीं असतीं."

या प्रश्नांत उद्धटपणा नाहीं. त्याचें नीट उत्तर न मिळाल्यामुळें कित्येक मुलें नववी-दहावींत आल्यावर अवांतर वाचन सोडून देतात, आणि एकदां सुटलेली ही संवय पुढें नोकरीच्या व संसाराच्या धांवपळींत सहसा पुन्हां लागत नाहीं. "याच्या डोक्यांत कांहीं म्हणून राहत नाहीं" असें कांहीं पालक चारचौघांत बोलून जातात. आणि तेवढें वाक्य मात्र मूल जन्मभर विसरत नाहीं. यास्तव विसरणें कसें घडतें, विसरल्यावर मागें काय उरतें, आणि जें राहावें असें वाटतें तें राहण्यास काय करावें, या तीन गोष्टींचा विचार या लेखांत करूं.

१. विसरण्याची चाल

विस्मरणाचें पहिलें पद्धतशीर मोजमाप हर्मन एबिंगहाउस या जर्मन विद्वानानें केलें. त्याचा ग्रंथ १८८५ सालीं प्रसिद्ध झाला. प्रयोगासाठीं त्यानें दुसरें कोणी घेतलें नाहीं. स्वतःवरच सारे प्रयोग केले. अर्थ कळला म्हणजे पाठ करणें सोपें जातें हें जाणून त्यानें मुद्दाम अर्थहीन असे सुमारें २३०० अक्षरसमूह तयार केले, त्यांच्या माळा पाठ केल्या, आणि ठराविक वेळ गेल्यावर तीच माळ पुन्हां पाठ करण्यास पहिल्यापेक्षां किती श्रम कमी लागतात, हें टिपून ठेविलें. वीस मिनिटांनंतर पहिल्या श्रमांपैकीं शेंकडा ५८ वांचत. एका तासानंतर ४४, एका दिवसानंतर ३४, सहा दिवसांनंतर २५, आणि ३१ दिवसांनंतर २१ वांचत.

या आंकड्यांवरून दोन गोष्टी शिकावयाच्या. पहिली ही, कीं विसरण्याचा वेग आरंभीं फार मोठा असतो व पुढें तो मंदावतो. पहिल्या तासांत जें निसटतें तेवढें पुढच्या महिन्याभरांतही निसटत नाहीं. म्हणून पुस्तक मिटल्याबरोबर घडीभर थांबून केलेला विचार हा महिन्यानें केलेल्या घोकंपट्टीहून अधिक फलदायी होतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. एका महिन्यानंतर ती माळ तोंडानें म्हणतां येत नसे. तरीही ती नव्यानें शिकतांना पांचव्या हिश्शाएवढे श्रम वांचत. म्हणजे जी गोष्ट आठवत नाहीं ती सर्वस्वीं गेली असें मानणें चूक आहे. आठवणें आणि उरणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पांचवींत वाचलेलें पुस्तक नववींत पुन्हां हातीं घेतल्यावर तें लवकर उलगडतें, पुढें काय होणार याची चाहूल लागते, एखाद्या वळणावर "हें ठिकाण ओळखीचें आहे" असें वाटतें. ही त्या पहिल्या वाचनाचीच शिल्लक होय. आणि लक्षांत घ्या, एबिंगहाउसची माळ अर्थहीन होती. आपण वाचतों तें अर्थपूर्ण असतें. तेव्हां आपली शिल्लक त्याच्याहून मोठीच असावयाची.

२. काय जातें व काय उरतें

केंब्रिज विद्यापीठांतील फ्रेडरिक बार्टलेट यानें १९३२ सालच्या आपल्या ग्रंथांत गोष्टी कशा आठवतात याचा शोध घेतला. उत्तर अमेरिकेंतील आदिवासींची एक लढाईची व भुतांची गोष्ट त्यानें इंग्रज लोकांना वाचावयास दिली, व निरनिराळ्या अंतरानें तीच त्यांच्याकडून लिहवून घेतली. दर वेळीं गोष्ट आखूड होत गेली. इतकेंच नव्हे, तर ती वाचणाऱ्याच्या ओळखीची होत गेली. त्या लोकांची लांबट अरुंद होडी साधी नाव झाली. सील नांवाच्या जलचराची शिकार मासेमारी झाली. विचित्र वाटणारे प्रसंग गळून गेले किंवा त्यांना वाचणाऱ्यानें आपल्या मनाजोगीं कारणें जोडलीं. मन हें कागदासारखें नाहीं. तें जुन्या सामानावर नवी वस्तु रचून ठेवतें, आणि मागितली म्हणजे जुन्या-नव्याची जुळणी करून देतें. ज्या वस्तूला मनांत जागा नाहीं, ती फार दिवस टिकत नाहीं.

हेंच आपल्या गांवच्या एका धड्यावरून पाहूं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून पहिली आगगाडी ठाण्यास आली. चौदा डबे, सुमारें चारशें पाहुणे, चौतीस किलोमीटर अंतर, आणि साहेब, सिंध व सुलतान अशीं तीन इंजिनें. १८५४ सालीं रूळ कल्याणपर्यंत पोंचले. पुढें १८६३ त बोरघाटाचा मार्ग व १८६५ त थळ घाटाचा मार्ग खुला झाला. एवढें वाचून दोन मुलें घरीं गेलीं अशी कल्पना करा. एकानें सर्व सालें पाठ केलीं. दुसऱ्यानें नकाशा उघडला आणि स्वतःला विचारलें, "फाटा कल्याणलाच कां फुटला ?" त्याला दिसलें, कीं सह्याद्रि चढून जाण्यास येथून दोन वाटा आहेत, एक थळ घाटानें इगतपुरीकडे जाते, दुसरी बोरघाटानें पुण्याकडे. खालीं खाडी आहे आणि वर घाट आहेत. प्राचीन काळीं कल्याण हें बंदर व बाजारपेठ कां झालें, कान्हेरीच्या लेण्यांतील लेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांचीं दानें कां नोंदलेलीं आढळतात, याचाही उलगडा त्याला त्याच नकाशांत झाला.

सहा महिन्यांनंतर दोघेही इंजिनांचीं नांवें विसरतील. पण पहिल्याजवळ मग कांहींच उरणार नाहीं, आणि दुसऱ्याला कल्याण जंक्शनावर गाडी थांबली कीं तो धडा डोळ्यांपुढें उभा राहील. सालें त्यालाही पुन्हां पाहावीं लागतील. परंतु तीं कोठें बसतात हें ठाऊक असल्यामुळें एकदां पाहिल्यानें तीं पुन्हां जागेवर बसतील. तपशील खुंटीवर टांगलेल्या कपड्यासारखे असतात. कपडे पडले तर उचलून पुन्हां टांगतां येतात. खुंटीच नसेल तर कितीही उचलले तरी खालींच येणार.

३. एका हरवलेल्या ग्रंथाची हकीकत

तपशील विसरण्याची भीति केवळ विद्यार्थ्यांना वाटते असें नाहीं. मराठी भाषेच्या अगदीं आरंभींच्या एका थोर गद्य ग्रंथाच्या पाठीशीं हीच भीति उभी आहे. तो ग्रंथ म्हणजे महानुभाव पंथाचें 'लीळाचरित्र' होय.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत श्रीचक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांच्या अनुयायांपाशीं लिखित असें कांहीं नव्हतें. होत्या त्या आठवणी. त्या आठवणीही एकेका मनुष्याबरोबर नाहींशा होतील, हें म्हाइंभट या विद्वान शिष्यानें ओळखलें. त्यानें नागदेवाचार्यांपाशीं बसून लीळा विचारून घेतल्या. ज्या प्रसंगीं जो मनुष्य हजर होता त्याला गांठून, दूरदूरच्या गांवीं पायपीट करून, त्याच्या तोंडून तो प्रसंग ऐकला, आणि मग तो लिहिला. वऱ्हाडांतील ऋद्धिपूर येथें हें काम झालें. एकाच्याच स्मरणावर विसंबावयाचें नाहीं, हा त्याचा नियम होता.

पुढें चौदाव्या शतकाच्या आरंभींच्या धामधुमींत मूळ ग्रंथ नाहींसा झाला. तेव्हां ज्यांनीं तो वाचला होता, ऐकला होता, त्यांनीं तो स्मरणानें पुन्हां उभा केला. असे एकाहून अधिक पाठ तयार झाले. त्यांतील एक हिराइसा या स्त्रीच्या नांवानें प्रसिद्ध आहे. हे पाठ शब्दशः एकसारखे नाहींत. कोठें शब्द निराळा, कोठें क्रम निराळा, कोठें एखादा तपशील अधिक किंवा उणा. पण त्या लोकांनीं हे भेद लपविले नाहींत. अमक्याच्या स्मरणाप्रमाणें हें असें आहे, असें ते ग्रंथांतच नोंदवीत गेले. अशा पाठभेदाला ते 'वासना' म्हणत. ज्या ग्रंथावर त्यांची पराकाष्ठेची श्रद्धा, त्याच्याही बाबतींत आपलें स्मरण कमीजास्त असूं शकतें, हें त्यांनीं निःसंकोचपणें लिहून ठेविलें. आज सातशें वर्षांनंतर चक्रधरस्वामींचें बोलणें-चालणें आपल्याला वाचावयास मिळतें तें या प्रामाणिकपणामुळें.

या वाङ्मयाशीं ठाण्याचेंही नातें आहे. महानुभावांनीं आपले ग्रंथ सांकेतिक लिपींत लिहून ठेविल्यामुळें ते शतकानुशतकें इतरांस वाचतां येत नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभीं ज्या संशोधकांनीं त्यांची ओळख मराठी वाचकांस करून दिली, त्यांत 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे ठाण्याचे विनायक लक्ष्मण भावे हे एक होते. १८९३ सालीं ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झालें तें त्यांच्याच पुढाकारानें. एकाच्या स्मरणांत मावत नाहीं तें गांवानें मिळून जपावें, हाच ग्रंथसंग्रहालयाचा अर्थ आहे. तुम्ही विसरलांत तरी पुस्तक विसरत नाहीं. तें फळीवर तुमची वाट पाहत असतें.

४. पाठांतराचें स्थान

येथें कोणी म्हणेल, "मग पाठांतराला कांहींच किंमत नाहीं काय ?" किंमत आहे, आणि मोठी आहे. पंडिता रमाबाईंचें चरित्र पाहा. १८५८ सालीं त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदा सोसून आपल्या पत्नीला संस्कृत शिकविलें, आणि त्या माउलीनें आपल्या मुलीला. कुटुंब तीर्थांमागून तीर्थें फिरत होतें. भल्या पहाटे उठवून आई मुलीकडून म्हणवून घेई, आणि अशा रीतीनें भागवताचे अठरा हजार श्लोक रमाबाईंना मुखोद्गत झाले. १८७४ सालीं दुष्काळांत आईवडील गेले. जवळ कांहीं उरलें नाहीं. आईनें दिलेली विद्या तेवढी बरोबर राहिली. त्याच विद्येच्या बळावर १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या देऊन गौरविलें. पुढें प्रौढ वयांत हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनीं संबंध बायबलाचें मराठी भाषांतर केलें. १९२२ सालीं देहावसान होईपर्यंत तें काम त्यांच्या हातीं होतें.

या उदाहरणांत पाहण्यासारखें असें, कीं तें पाठांतर एका रात्रींत झालें नाहीं. रोज थोडें, ठरल्या वेळीं, आणि ऐकणारें माणूस समोर. कविता, सुभाषितें, पाढे, सूत्रें, प्रार्थना हीं अशींच पाठ करावीं. त्यांत एक शब्द इकडचा तिकडे झाला तर गोडी व अर्थ दोन्ही जातात. पण कादंबरी, चरित्र, प्रवासवर्णन हीं पाठ करण्यासाठीं लिहिलेलीं नसतात. त्यांना पाठांतराची मोजपट्टी लावून आपण नापास ठरलों असें मानूं नये.

५. राहावें असें वाटतें त्यासाठीं

जें पुस्तक मनांत राहावें असें वाटतें, त्यासाठीं पुढील पांच गोष्टी कराव्या. त्यांना पैसा लागत नाहीं.

पहिली. प्रकरण संपलें कीं पुस्तक मिटावें, आणि काय वाचलें तें मनाशीं सांगावें. अमेरिकेंतील रोडिगर व कार्पिक या दोन संशोधकांनीं २००६ सालीं विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. कांहीं विद्यार्थ्यांनीं एक उतारा दोनदां वाचला. इतरांनीं तो एकदां वाचला, आणि मग न पाहतां आठवेल तेवढा लिहून काढला. पांच मिनिटांनीं परीक्षा घेतली तेव्हां दोनदां वाचणारे पुढें होते. त्यांना शेंकडा ८१ भाग आठवला व दुसऱ्यांना ७५. पण एका आठवड्यानें चित्र पालटलें. दोनदां वाचणाऱ्यांना ४२ आठवला, आणि स्वतः आठवून लिहिणाऱ्यांना ५६. परीक्षेच्या आदल्या रात्रीं धडा पुन्हां पुन्हां वाचल्यानें "सगळें येतें" असा जो भास होतो, तो कां फसवा असतो, हें यावरून कळेल. आठवण्याचे कष्ट हेच स्मरणाचें खत आहे.

दुसरी. एक साधी वही करावी. प्रत्येक पुस्तकास एक पान पुरे. वर तारीख, पुस्तकाचें व लेखकाचें नांव. खालीं आपल्या शब्दांत पांच-सहा ओळी. आणि शेवटीं एक प्रश्न, जो त्या पुस्तकानें आपल्या मनांत उभा केला. पुस्तकांतील वाक्यें उतरून भरलेली वही सुंदर दिसते, पण ती लेखकाची वही होते. ही वही तुमची असावी.

तिसरी. त्या पानाकडे दुसऱ्या दिवशीं, आठवड्यानें व महिन्यानें एकेकदां परत यावें. पान झांकून आधीं आठवावें, मग पाहावें. प्रत्येक वेळीं दोन मिनिटें लागतील.

चौथी. वाचलेलें कोणाला तरी सांगावें. घरीं आजी-आजोबा असतील तर याहून चांगले श्रोते मिळावयाचे नाहींत. सांगतांना कोठें अडतें तेथें आपल्याला नीट समजलेलें नसतें, हें आपोआप उघड होतें.

पांचवी. तपशील कोठें सांपडेल हें ध्यानांत ठेवावें. आज हातांतील मोबाईलवर कोणतेंही साल क्षणांत मिळतें. परंतु काय विचारावें हें त्या यंत्राला तुमच्या वतीनें ठरवितां येत नाहीं; तो प्रश्न ज्याच्या मनांत वाचनानें उगवला, त्यालाच त्या उत्तराचा उपयोग.

आणि हेंही ध्यानांत असूं द्या, कीं हा सारा खटाटोप प्रत्येक पुस्तकासाठीं करावयाचा नाहीं. दहांपैकीं दोन पुस्तकांसाठीं केला तरी पुष्कळ झालें. उरलेलीं आठ निव्वळ आनंदासाठीं वाचावीं आणि खुशाल विसरावीं. रोज जेवलेलें अन्न आठवत नाहीं म्हणून कोणी जेवण सोडीत नाहीं. त्या आठ पुस्तकांनीं तुमचे शब्द वाढविलेले असतात, वाक्याची चाल कानांत बसविलेली असते, आणि आपल्याहून वेगळ्या माणसाचें दुःख एकदां तरी जवळून दाखविलेलें असतें.

६. पालकांस विनंति

डोंबिवली, कल्याण, ठाणें येथील कित्येक आईबाप पहाटे निघतात व रात्रीं लोकलच्या गर्दींतून थकून घरीं येतात. त्यांना मुलांचें वाचन तपासण्यास तासभर मिळत नाहीं हें आम्ही जाणतों. तासाची गरजही नाहीं. जेवतांना दहा मिनिटें पुरतात. मात्र त्या दहा मिनिटांत उलटतपासणी करूं नये. "नायकाचें आडनांव काय ? तिसऱ्या प्रकरणांत काय झालें ?" असें विचारलें कीं मूल पुस्तकालाच भिऊं लागतें, आणि पुढें पुढें तें वाचलेलें पुस्तकही वाचलें म्हणून सांगेनासें होतें. त्याऐवजीं विचारावें, "तुला त्यांतलें कोण आवडलें ? कोणाचा राग आला ? तूं तिच्या जागीं असतीस तर काय केलें असतेंस ?" या प्रश्नांना चुकीचें उत्तर नसतें. आणि उत्तर देतां देतां विसरलेले तपशील एकामागून एक वर येऊं लागतात, कारण आठवणी एकमेकींचा हात धरून येतात.

आपण लहानपणीं वाचलेल्या पुस्तकाविषयींही मुलांना सांगावें. बहुधा त्यांतील नांवें आपल्यालाही आठवणार नाहींत. तें मोकळेपणानें सांगावें, आणि एवढी वर्षें लोटल्यावर त्यांतलें काय उरलें तेंही सांगावें. विसरूनही वाचन वायां जात नाहीं, याची याहून चांगली साक्ष मुलांना कोणता शिक्षक देणार ?

विद्यार्थिमित्रहो, कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचें आहे, आणि ठाण्याचें ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचें. तेव्हांपासून तेथें किती वाचकांनीं किती पुस्तकें नेलीं, वाचलीं, परत केलीं आणि विसरलीं असतील, याची गणती कोण करणार ? पण त्या वाचकांनीं आपल्या मुलांना वाचावयास लाविलें, म्हणून तीं दारें आजही उघडीं आहेत. या महिन्यांत एक पुस्तक तेथून किंवा आपल्या शाळेच्या ग्रंथालयांतून घरीं न्या. वाचून झाल्यावर तें मिटा, दोन मिनिटें डोळे मिटून बसा, आणि जेवढें आठवेल तेवढें घरांतील एका माणसाला सांगा. बाकीचें विसरलें तर विसरूं द्या. पुढचें पुस्तक मात्र थांबवूं नका.